कान हलवणारा हत्ती चिडलेलाच असतो असं नाही

प्रश्न असा, की जंगल सफारीत हत्ती कान हलवायला लागला तर जीप मागे घ्यावी का. सावकाश हलणारे कान ही बहुतेक वेळा काळजीची गोष्ट नसते. कानांमागच्या शिरांतलं रक्त त्याने थंड होतं. कान थांबून ताठ पसरले, शेपटी ताठ झाली, सोंड वर करून तुमच्या दिशेने वास घेतला, तर मात्र कॅमेरा खाली ठेवा आणि ड्रायव्हरचं ऐका. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ दिसला तर तो मद, म्हणजे नर माजावर आल्याची खूण. अशा नरापासून लांबच राहायचं.

मी ऐरोलीचा. उन्हाळ्यात कर्नाटकातल्या काबिनीच्या जंगलात जातो, कारण धरणाचं पाणी ओसरलं की कोवळ्या गवतासाठी कळप काठावर उतरतात. तिथे मला १००-४०० मिमीची झूम लेन्स पुरली. सहाशे मिमीच्या लेन्सने सोंड तेवढी मिळते, पण पिल्लू कुणाच्या पोटाखाली शिरलं ते फ्रेमबाहेर राहतं, आणि मला तर तेच हवं असतं! हत्ती धूळ उडवताना शटर स्पीड १/१००० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा.

एका कळपाजवळ तासभर थांबा. ही सवय मला ठाणे खाडीत फ्लेमिंगोंची वाट बघताना लागली. म्होरकी हत्तीण चालता चालता थबकते, सगळे थबकतात, आपल्याला काहीच ऐकू येत नाही. त्यांच्या हाकांचा बराच भाग २० हर्ट्झच्या खाली, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजात असतो.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला मात्र फोटोसाठी हत्तींच्या मागे जाऊ नका. तिथल्या लोकांच्या केळी-माडांचं नुकसान होतंय, त्यात आपली गर्दी नको.