‘बॉसी’ला मराठीत काय म्हणाल? ‘आगाऊ’ चालेल का?

वेलांटी:
मुलींच्या नेतृत्व-शिबिरासाठी एक पुस्तिका मराठीत आणते आहे आणि एका वाक्यापाशी तीन दिवस अडून बसले आहे. आशय असा: मुलाने पुढाकार घेतला की तो लीडर, मुलीने तेच केलं की ती बॉसी. २०१४ मध्ये फेसबुकच्या तेव्हाच्या वरिष्ठ अधिकारी शेरिल सँडबर्ग आणि अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सनी ‘बॅन बॉसी’ (म्हणजे ‘बॉसी’ म्हणणं बंद करा) मोहीम काढली होती, तोच मुद्दा. मी ‘आगाऊ’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ ओढून शेजारी टिपलं, “आगाऊ म्हणजे उलट बोलणारी. शब्द चुकला.” पण मला तर लहानपणी खेळात सगळ्यांना कामं वाटून दिली म्हणूनच आगाऊ म्हणायचे! तुमच्या कानावर काय आहे?

जुनीपाटी:
तपासणाऱ्या बाईंचं बरोबर आहे. आगाऊपणा लहानांनी मोठ्यांशी करायचा असतो. बरोबरीच्यांवर हुकूम सोडणं ही अरेरावी.

तिरकस:
अरेरावीत ‘अरे’ आहे, ‘अगं’ नाही. दादागिरी म्हणावं तर तिथेही आधी दादा व्हावं लागतं. ताईगिरी कुणी ऐकली आहे?

कानामात्रा:
आगाऊ हा शब्द ‘आग’वरून आलाय. आगाऊ म्हणजे आग लावणारी. आमच्या घरात सगळे हाच अर्थ सांगायचे.

रेघ:
घरातल्या सगळ्यांना नमस्कार, पण नाही. ‘आगाऊ रक्कम’, ‘आगाऊ नोंदणी’ हे आपण रोज म्हणतो, तिथे कुठली आग? मूळ संस्कृत ‘अग्र’, त्याचं प्राकृत ‘अग्ग’. आगाऊ म्हणजे वेळेच्या किंवा पायरीच्या पुढे गेलेलं. आणि त्याच ‘अग्र’पुढे ‘नी’ धातू लागला की होतो ‘अग्रणी’, म्हणजे पुढे राहून नेणारा. अग्रणी सत्काराला आणि आगाऊ कानउघाडणीला! ‘पुढारी’ आणि ‘पुढे पुढे करणारी’ यांचंही तेच. ‘पुढे’ एकच, पण एकाला हार आणि दुसरीला टोमणा.

वेलांटी:
रेघ, हे पुस्तिकेत चौकट करून टाकू का? (प्रश्न मात्र तसाच आहे.)

अर्धचंद्र:
मला पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं आईने जपून दिली आहेत. माझ्या चौथीच्या शेऱ्यात लिहिलंय, “हुशार आहे, परंतु वर्गात आगाऊपणा करते.” दोन वर्षांनी त्याच बाईंनी माझ्या भावाला लिहिलं, “नेतृत्वगुण आहेत, वाव द्यावा.” आम्ही दोघंही एकच करत होतो. बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्याशी उभं राहून बडबडणाऱ्यांची नावं लिहायची. अक्षर माझं बरं होतं.

जुनीपाटी:
‘नेतृत्वगुण’वरून आठवलं. पुस्तिकेत मुलींना ‘नेता’ म्हणणार की ‘नेत्री’? व्याकरणाने नेत्रीच हवं.

तिरकस:
‘आमच्या गटाची नेत्री’ असं कुठली मुलगी म्हणेल? त्या सरळ लीडर म्हणतात. मॉनिटर, कॅप्टन, लीडर. लिंगाची भानगडच नाही.

जुनीपाटी:
अभिनेत्री चालते ना? मग ‘अभि’ काढल्यावर कानाला काय होतं? सवय करून घेतली की बसतो शब्द. ‘शिक्षिका’ कशी बसली? प्रत्येक वेळी लीडर म्हणून पळ काढायचा असेल तर मराठीत आणताच कशाला?

रेघ:
दोघांच्या मध्ये पडतो. ‘नी’ म्हणजे नेणे. नेता, नायिका, नीती, नेत्र सगळे त्यातलेच. विनयसुद्धा, आणि परिणयही, म्हणजे अग्नीभोवती नेणं. मुलीच्या वाट्याला विनय आणि परिणय आधीपासून आहेत. एका नेत्रीनेच कानाला एवढं का खटकावं?

कानामात्रा:
आगीशी संबंध आलाच की शेवटी!

अनुस्वार:
शब्द वेगळा देणं हीच जुनी युक्ती आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउट मुलांचा मेळावा भरला. तिथे काही मुली न बोलावता आल्या आणि आम्हीही स्काउट म्हणाल्या. १९१० मध्ये त्यांची वेगळी संघटना निघाली, पण नाव मिळालं ‘गाइड’. आता त्या मुली आगाऊ की अग्रणी? आगाऊच, आणि म्हणूनच अग्रणी. वेलांटीताई, तुमचा शब्द ठेवा.

जुनीपाटी:
गोष्ट छान, अर्थ तरी तोच. मी आगाऊला मत देणार नाही. ‘शिरजोर’ बघा.

अर्धचंद्र:
शिरजोर फार भांडकुदळ वाटतो. मला ‘खमकी’ आवडतो. तो कौतुकाने म्हणतात.

वेलांटी:
अहो, पण मला टोमणाच हवा आहे! कौतुक पुढच्या पानावर आहे. तिथे ‘सक्षमीकरण’ लिहिलंय.

रेघ:
तेही तपासा. ‘-ीकरण’मध्ये संस्कृतचा च्वि प्रत्यय आहे. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं, हा त्याचा अर्थ. शुद्धीकरण म्हणजे आधी अशुद्ध होतं. म्हणजे सक्षमीकरण म्हणताना मुलगी आधी अक्षम होती हे आपण गृहीत धरतो. सबलीकरणात तर अबला दारातच उभी.

तिरकस:
इतका कीस काढला तर सरळीकरणही अपमान ठरेल. वापरणाऱ्याच्या मनात प्रत्यय नसतो हो. ‘बळ देणे’ लिहा नि पुढे चला.

रेघ:
बोलणाऱ्याच्या मनात नसतो, मान्य. पण ऐकणारीला ऐकू येतो.

वेलांटी:
काल वैतागून त्या वाक्यात जागा कोरी सोडली आणि ओळखीच्या नऊ मुलींना कागद दिला: “मुलीने पुढाकार घेतला की तिला ——— म्हणतात.” उत्तरं अशी: ओव्हरस्मार्ट (तिघी), शायनिंग मारणारी, टीचरची चमची, शिष्ट (दोघी), आजीबाई. एकीने ‘काहीच नाही, नुसतं बघतात’ असं लिहिलं. ‘आगाऊ’ एकीनेही लिहिलं नाही. मी आणि तपासणाऱ्या बाई दोघीही जुन्या झालो.

जुनीपाटी:
शिष्ट? शिष्ट म्हणजे मुळात शिकलेला, वळण लागलेला. ‘शास्’ धातू. शिष्टाचार, शिष्टमंडळ. तो टोमणा कधीपासून झाला?

तिरकस:
शिष्टमंडळं भेटायला लागली तेव्हापासून.

अर्धचंद्र:
आमच्या वर्गात शिष्ट म्हणजे जी आपणहून बोलायला येत नाही ती. पुढाकार घेणारीला शिष्ट कसं म्हणतील?

अनुस्वार:
आमच्याकडे उलट. जी आधी हात वर करायची ती शिष्ट.

रेघ:
‘शिष्ट’साठी वेगळा धागा काढा. ‘शास्’चा ‘शिष्’ कसा होतो ते तिथे लिहितो.