च्यवनप्राशातले जीवक-ऋषभक: रानातून खणलेले की प्रयोगशाळेत वाढवलेले?

रानजाई (धागा काढणारी):
च्यवनप्राशाच्या डब्यावर 'अष्टवर्गयुक्त' असं छापलेलं असतं. अष्टवर्ग म्हणजे आठ औषधी वनस्पतींचा गट. त्या आठांपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी ही चक्क ऑर्किड आहेत. झाडावर लटकणारी नव्हेत, हिमालयाच्या उतारांवर मातीत वाढणारी. ऋद्धीचा औषधी भाग म्हणजे कंद. रोप साधारणपणे वर्षाला एकच नवा कंद धरतं आणि जुना सुकत जातो. खणणाऱ्याच्या हाती दोन्ही येतात, म्हणजे पुढच्या वर्षीचं रोपही गेलं. बोंड पिकायच्या आत खणलं तर बीही गेलं.

माझं मत स्पष्ट आहे: रानातली खणाखणी पूर्ण बंद करा आणि टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत वाढवलेली रोपं वापरा. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात शिदोरी जवळजवळ नसतेच. रानात योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. १९२२ साली लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगरवर (शेवाळापासूनच्या जेलीवर) ते बुरशीशिवाय रुजवून दाखवलं. आता अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

कषाय:
वैद्य म्हणून विरोध नोंदवतो. औषधी कुठल्या भूमीतली आणि कुठल्या ऋतूत घेतलेली असावी हे चरकाने कल्पस्थानात सांगितलं आहे, ते उगाच नाही. आधुनिक भाषेत सांगतो. ऑर्किनॉल नावाचं द्रव्य युरोपातल्या एका ऑर्किडच्या कंदात सापडलं, तेही बुरशीने हल्ला केल्यावर. स्वतःच्या बचावासाठी कंद ते तयार करतो. निर्जंतुक बाटलीत ना बुरशी, ना बर्फ, ना कीड. मग झाड ही द्रव्यं कशासाठी बनवेल? रूप तेच असेल, पण वीर्य (औषधाची ताकद) तेच असेल असं मी रुग्णाला कोणत्या तोंडाने सांगू?

आगर_आगर:
कषाय, ऑर्किनॉलचा मुद्दा मान्य, पण बाटलीतलं रोप थेट खलबत्त्यात कुणी घालत नाही. बाटली ही फक्त बाळंतीण खोली आहे. मुळं फुटली की आगर धुऊन रोप शेवाळ-पालापाचोळ्याच्या मिश्रणात लावतात, आधी झाकून, मग हळूहळू उघड्यावर. या हार्डनिंगमध्येच बरीच रोपं मरतात, खरं कष्टाचं काम तिथे आहे. जगलेली डोंगरात लावली की बुरशीही भेटते आणि थंडीही. शिवाय प्रत्येक गुण संकटातून येत नाही. सालममिश्री या दुसऱ्या औषधी ऑर्किडच्या कंदातला ग्लुकोमॅनन हा साठवणीचा पदार्थ आहे, चांगलं पोसलेलं रोप तो साठवणारच.

पिंपळपान:
एवढा वाद कशाला? भावप्रकाश हा आयुर्वेदाचा ग्रंथ सोळाव्या शतकातला. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ, असं त्यात तेव्हाच लिहिलंय. जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद आणि ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद घ्या, असं ग्रंथच सांगतो. ऑर्किडला हातच लावू नका.

कषाय:
पिंपळपान, प्रतिनिधी द्रव्य ही न मिळाल्यावरची सोय आहे. आणि विदारीकंद घालून डब्यावर जीवक छापणं ही शुद्ध फसवणूक. रानजाईताई, खणाखणी चालू राहावी असं मलाही वाटत नाही. पण 'प्रयोगशाळेतलं ते रानातल्याइतकंच गुणकारी' हे गृहीत धरायला माझी हरकत आहे. तपासा, मग बोला.

देवदारवाट:
मी उत्तराखंडात नोकरीला आहे. बंदीची भाषा पुण्या-मुंबईत सोपी वाटते. जडीबुटी गोळा करणाऱ्या घरांना त्यातूनच रोख पैसा मिळतो. उद्या सगळं उत्पादन कंपनीच्या काचघरात गेलं तर ही माणसं बाहेर फेकली जातील आणि चोरटी खणाई वाढेल. रोपं प्रयोगशाळेने बनवावीत, वाढवायला गावांना द्यावीत आणि कंद हमीभावाने घ्यावेत.

आगर_आगर:
चीनमधलं त्येनमा बघा. हे गॅस्ट्रोडिया नावाचं ऑर्किड, त्याला हिरवं पानच नसतं, ते जगतं बुरशीवर. त्यांनी लाकडाच्या ओंडक्यांवर ती बुरशी वाढवून शेजारी कंद लावायला सुरुवात केली आणि आज ते शेतातलं पीक आहे. कषाय, इथे तुमची बुरशीही आली. डेंड्रोबियम ऑफिसिनेल या आणखी एका ऑर्किडच्या बाबतीत तर त्यांच्या औषधकोशाने पॉलिसॅकराइडचं (साखरेच्या लांब साखळ्यांच्या द्रव्यांचं) किमान प्रमाण २५ टक्के ठरवलं आहे. माल रानातला असो वा शेडमधला, मोजून घेतात.

रानजाई:
देवदारवाट, हमीभावाचं पटलं, माझ्या मागणीत ते धरा. बंदीवर मात्र मी ठाम आहे. रोपं वाढायला काही वर्षं जातील आणि तेवढ्यात उरलेले उतार खणून होतील. आधी बंदी, मग बाकीचं. कषाय, मोजमाप व्हायलाच हवं, पण ते होईपर्यंत रान खणत राहायचं का?

कषाय:
नाही. तोवर विदारीकंद घाला आणि डब्यावर विदारीकंदच छापा. मोजमापाबद्दल एकच सांगतो. एका द्रव्याची टक्केवारी म्हणजे जीवक नव्हे. चरकाने तो जीवनीय गणात, म्हणजे जीवनशक्ती देणाऱ्या औषधांच्या गटात घातला आहे, तो बल्य-बृंहण (ताकद आणि पुष्टी देणारा) परिणाम माणसांत तपासावा लागेल, एकाच वयाचे रानातले आणि लागवडीचे कंद समोरासमोर ठेवून. ते कुणी करणार असेल तर माझा दवाखाना उघडा आहे.