रुखवताची भांडी कुठून घ्यावीत?

ए-१०२: नमस्कार मंडळी. मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. आम्ही नाशकात नवीन. रुखवताची भांडी, थोडं सोनं आणि मानपानाच्या साड्या एका दिवसात उरकतील का? सासूबाईंनाही यायचंय, पण त्यांचे गुडघे दुखतात. मेनरोडला गाडी नेता येईल?

बी-२०१: मनापासून अभिनंदन वहिनी! गाडी मात्र नेऊ नका. दिवाळीच्या तोंडावर तर मेनरोडला पाय ठेवायला जागा नसते. रिक्षाने या आणि बाजार उघडता उघडता पोचा.

सी-४०३: काकू, त्यापेक्षा कॉलेज रोड बरा ना? लिफ्ट, एसी, बसायला जागा. आजींची कशाला फरफट?

बी-२०१: साड्यांसाठी खुशाल जा रे. भांड्यांसाठी नको. शोरूममध्ये डब्यातला सेट मिळतो, त्यावर छापील किंमत असते, आत धातू किती ते कोण सांगणार? भांडी बाजारात तांबं-पितळ तराजूवर चढतं. किलोचा भाव आधी विचारायचा, मग घडणावळ वेगळी आहे का ते विचारायचं. आतून हात फिरवायचा, बूड वाजवून बघायचं, कडी लोखंडी असेल तर तिचं वजन पितळेच्या भावात धरू द्यायचं नाही. घरातली जुनी फुटकी भांडी सोबत न्या, मोड म्हणून घेतात आणि तेवढे पैसे वजा होतात. मुलीला द्यायची वस्तू आहे, ती पुढे तिच्या मुलीपर्यंत जायला हवी. पत्र्याच्या चकचकीत सेटचं तसं होत नाही, मी किती रुखवतं पाहिलीत!

ए-१०२: पितळेचं पातेलं रोजच्या वापरात चालतं का हो?

बी-२०१: चालतं की. कल्हई करून घ्या, म्हणजे आतून कथिलाचा थर. आमटी, चिंच, टोमॅटो असं आंबट शिजवायचं तर कल्हई हवीच. तांब्याच्या भांड्यात ताक किंवा लिंबू ठेवायचं नाही, फक्त पाणी. कल्हई झिजली की परत करायची, हे मुलीलाही सांगून ठेवा.

ए-३०४: सोन्याबद्दल मी सांगतो, बँकेत असताना दागिने तारण ठेवण्याचं काम बरंच पाहिलंय. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, लागतो. सोबत बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि शुद्धता, म्हणजे २२ कॅरेटला ९१६. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कोणत्या सराफाने, कोणत्या केंद्रात, कसला डाग (दागिना) तपासून घेतला ते दिसतं. अंगठीचा नंबर टाकल्यावर ॲपवर बांगडी दिसली तर उठून यायचं. २ ग्रॅमपेक्षा हलक्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे दुकानाची पत बघा. मजुरी किती टक्के ते आधी ठरवा. पक्कं बिल घ्या, त्यात ३ टक्के जीएसटी लागतो. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणारा नंतर मोडताना ओळख दाखवत नाही.

सी-४०३: काका, हे मला माहीत नव्हतं. आईच्या बांगड्यांचे नंबर आजच तपासतो.

ए-३०४: जुन्या असतील तर नंबर नसेलही, घाबरू नकोस. विकायच्या झाल्या तरच शुद्धता तपासून घे.

ए-१०२: खूप उपयोगी. आणि क्रम कसा ठेवू?

बी-२०१: शालिमारला उतरा. मेनरोडने धुमाळ पॉइंट, तिथून दहीपूल, मग सराफ बाजार आणि भांडी बाजार. नदीकडे उतार आहे, त्यामुळे जाताना आजींना सोपं जाईल. परत चढू नका, रविवार कारंजाकडून रिक्षा करा. सोनं आधी बघा, तेव्हा गर्दी कमी आणि डोकं ताजं. भांडी शेवटी, जड असतात. पूजेचं सामान, सुपाऱ्या, रुखवताची शोभेची वस्तू कानडे मारुती लेनमध्ये मिळून जाईल. मध्ये मेनरोडला सायंतारामध्ये साबुदाणा वडा खा, आजींना तेवढं बसायलाही मिळेल.

डी-१०१: पावसात मात्र दहीपूल-सराफ बाजाराचा बेत करू नका. जोराचा पाऊस झाला की सरस्वती नाल्याचं पाणी थेट दुकानांत शिरतं, आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की भांडी बाजारापर्यंत नदी येते. तिथले व्यापारी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती पाणी लागलं यावर माल वर चढवतात. किती पिढ्या असं सोसून तिथेच टिकून आहेत ही माणसं, त्यांच्याकडून घ्यायला मला तरी आवडतं.

बी-२०१: अगदी मनातलं बोललास.

ए-१०२: एक पैठणीही घ्यायची आहे. खरी कशी ओळखू?

बी-२०१: पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, लोंबणारे कापलेले धागे नसतात. यंत्रावरची मागे लगेच कळते. येवलं आपल्याच जिल्ह्यात आहे, जमलं तर विणकराकडे जाऊन घ्या. ती मात्र दुसऱ्या दिवशी, सगळं एका दिवसात कोंबू नका.

ए-१०२: ठरलं तर. सोनं-भांडी एक दिवस, येवला वेगळा. काकू, भांडी बाजारात तुम्ही सोबत याल का?

बी-२०१: येते की! तारीख कळवा, आमच्या घरचीही एक जुनी कळशी मोडीत द्यायची आहे.