खोलीत फक्त मायक्रोवेव्ह आहे, रोजचं नीट जेवण कसं करू?

ज्वारीची_पोर:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, नोकरीसाठी रत्नागिरीत मारुती मंदिरजवळ भाड्याने राहते. घरमालकांनी गॅस आणि इंडक्शन दोन्हींना नाही म्हटलंय, मायक्रोवेव्ह चालतो. साधा २० लिटरचा, ८०० वॅटचा आहे, ग्रिल वगैरे काही नाही. डब्याच्या भाज्यांवर तेलाचा तवंग असतो आणि परवाच्या तपासणीत साखर काठावर आली. मॅगी आणि मगमधला केक सोडून रोज खाता येईल असं काही सुचवाल का? मासे इथे आल्यावर खायला लागले आहे.

कर्लीकाठची:
अगं, भाकरी, घावन, खमंग परतलेली भाजी त्याच्याकडून मागू नकोस. मायक्रोवेव्ह मुख्यतः अन्नातलं पाणी तापवतो, त्यामुळे उकडायचं, वाफवायचं, रटरटवायचं ते त्यात छान होतं. आपल्या किनाऱ्यावरचं निम्मं जेवण तसंच तर असतं! बदलीच्या गावी मी याच यंत्रावर राहिले आहे, तेव्हा रोज जे करायचे तेच सांगते.

सगळ्यात आधी कुळथाची (तुमच्याकडचे हुलगे) पिठी शीक. कुळीथ भाजून दळलेले असतात, म्हणून ती पटकन शिजते. मोठ्या काचेच्या बोलमध्ये चमचाभर खोबरेल तेल आणि ठेचलेला लसूण घालून मिनिटभर ठेव. लसूण फिका सोनेरी दिसला की लगेच बाहेर काढ, कारण गरम तेलात तो बाहेरही तळत राहतो आणि करपला की पिठी कडू होते. मोहरीच्या नादी लागू नकोस, ती नीट तडतडत नाही. दोन मोठे चमचे पिठी दीड कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालव. तेल जरा निवलं की ती त्यात ओत, मिरची, मीठ, दोन आमसुलं टाक. दोन मिनिटं ठेव, ढवळ, मग एकेक मिनिट ठेवून दर वेळी ढवळत राहा. कच्चा वास जाऊन पिठीला चकाकी आली की झाली. बोल अर्धा रिकामा हवा, नाहीतर सगळी पिठी काचेच्या ताटलीवर.

बांगडा पानातला कर. केळीचं पान अर्धा मिनिट आत ठेवलंस की मऊ पडतं, मग दुमडताना चिरत नाही. बांगड्याला चिरा देऊन मीठ, हळद आणि थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) चोळ. ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची वाटून (रत्नागिरीच्या बाजारात वाटण तयारही मिळेल) चिरांत भर, दोन-तीन तिरफळं (माशांत घालायचा आपल्याकडचा मसाला) ठेचून घाल. पानात गुंडाळून, दोरा न बांधता दुमड खाली करून ठेव. दोन मध्यम बांगड्यांना ७० टक्के पॉवरवर चार मिनिटं, मग दार न उघडता दोन मिनिटं मुरू दे. लहरी दोन-तीन सेंटिमीटरच आत जातात, मधला भाग उष्णता पसरून शिजतो, म्हणून हा थांबा हवाच. मधल्या काट्याजवळ मास गुलाबी असेल तर आणखी एक मिनिट. एवढ्या जेवणाला तेलाचा थेंब लागत नाही.

शाकाहारी दिवशी मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी. अर्धा कप पाणी घालून, झाकण किंचित तिरपं ठेवून मूग मऊ होईपर्यंत शिजव. नारळाचं दूध शेवटी, अर्ध्या पॉवरवर, म्हणजे ते फाटत नाही. साखरेचं म्हणशील तर भात सोडायची गरज मला वाटत नाही, मूठभर घे आणि वाटी पिठीने नाहीतर मुगाने भर. डॉक्टरांना मात्र विचार.

फणसपोळी:
काकूंनी सांगितलंय ते सगळं बरोबर. दोन गोष्टी माझ्याकडून. आठळ्या (फणसाच्या बिया) उकडायच्या असतील तर प्रत्येकीला सुरीने चीर दे, नाहीतर वाफ कोंडून फटकन फुटतात. अंडं सालीसकट कधीच नको. आणि राजमा मायक्रोवेव्हमध्ये करू नकोस. तो भिजवून, ते पाणी टाकून, नंतर भरपूर उकळावा लागतो, कमी शिजला तर पोटाला बाधतो. सोनेरी कडेच्या प्लेट्सही आत नकोत, ठिणग्या उडतात.

वेंगुर्ल्याचो_झील:
सुक्या जवळ्याचा (बारीक सुकी कोळंबी) कोणीच बोलूक नाय? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा आमच्याकडे तोच. निवडून ताटलीत पातळ पसरायचा, अर्धं-अर्धं मिनिट करत कुरकुरीत होईपर्यंत ठेवायचा. वर कच्चा कांदा, ओलं खोबरं, मिरची, आमसूल. खारट असतो, म्हणून मीठ नको. खिडकी उघडी ठेवा, वास खोलीभर होतो.

ज्वारीची_पोर:
काकू, आज पिठी केली. पहिल्यांदाच इथे घरी केल्यासारखं जेवले. तिरफळं बाजारात मिळाली, पण ती बियांसकट घालायची का? आणि माशाचा वास आत राहतो त्याचं काय?

कर्लीकाठची:
बी काळी आणि कडक असते, ती काढून टाक, नुसतं साल घे. जेवताना चावू नकोस, बाजूला काढून ठेव, जीभ बधिर होते. वासासाठी वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून तीन मिनिटं उकळव आणि पाच मिनिटं दार बंद ठेव. मग ओल्या फडक्याने छत आणि दाराची रबरी कडा पूस. वास तिथेच धरून बसतो.