देशी ब्रँडची बाईक खरंच देशात बनते का? (मदत हवी आहे)

मंडळी, घरात नवीन बाईक घ्यायचं चाललंय आणि दादाने एकच अट घातलीय: ब्रँड देशीच हवा, पैसा बाहेर जाता कामा नये. अट मान्य. पण देशी नेमकं कशाला म्हणायचं? शोधाशोध केली तर गोंधळ आणखी वाढला.

ट्रायम्फची स्पीड ४०० बजाज चाकणला बनवते. हार्लेची एक्स४४० हीरो नीमराण्यात. बीएमडब्ल्यूची जी ३१० टीव्हीएसने होसूरला बनवली. म्हणजे टाकीवर नाव परदेशी आणि माल इथला. उलट अस्सल इथल्या नावाच्या गाड्यांत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि इंधनाच्या इंजेक्शनवर बॉश, कॉन्टिनेंटल ही जर्मन नावं वाचायला मिळतात. शोरूममध्ये विचारलं की "सर, हंड्रेड पर्सेंट मेड इन इंडिया." भाग किती टक्के इथले म्हटलं की ब्रोशर हातात.

तर जाणकारांनो, गाडी कुठे बनली हे चासी नंबरवरून कळतं का? आणि इथल्या भागांचा आकडा कंपन्या कुठे जाहीर करतात का? ब्रँडभक्तांनी कृपया दुसऱ्या धाग्यावर भांडावं.

खड्डेवीर: दादाला म्हणावं सायकल घे. (तिचंही फ्रीव्हील बाहेरचं निघायचं!)

जुना फिटर: चासी नंबर १७ अक्षरांचा, बहुतेक गाड्यांत हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, फडक्याने धूळ पुसा, दिसेल. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. सुरुवात एमए ते एमई असेल तर भारत, एमएल ते एमआर थायलंड, जे म्हणजे जपान. आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात वापरतच नाहीत, त्यामुळे गोल दिसलं की शून्यच समजा. मात्र ती तीन अक्षरं कंपनीची नोंद कुठली ते सांगतात. तीच कंपनी दुसऱ्या देशात गाडी जोडत असेल तर जुनीच अक्षरं राहू शकतात. ट्रायम्फचं मुख्यालय इंग्लंडात हिंक्लीला आहे, पण मोठ्या गाड्यांपैकी बहुतेक थायलंडमध्ये बनतात.

सुट्या भागांबद्दल मात्र चासी नंबर अवाक्षर काढत नाही. पेट्रोल बाईकवर टक्केवारीची पाटी लावायची सक्ती आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९९२च्या कायद्याने मोटारीच्या काचेवर ती लावावी लागते, पण मोटरसायकली त्यातूनही वगळल्यात. इलेक्ट्रिक घेत असाल तर थोडी सोय आहे: सरकारच्या पीएलआय (उत्पादनासाठी प्रोत्साहन रक्कम देणाऱ्या) योजनेत किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धन, म्हणजे किमतीतला इथे तयार झालेला वाटा, दाखवावं लागतं आणि ते एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्था तपासतात. तेव्हा मॉडेलला ते प्रमाणपत्र आहे का, हे नक्की विचारा. मात्र मूल्यवर्धन म्हणजे सगळे भाग इथले असं नव्हे. मोटर इथे गुंडाळली तरी तिच्यातलं चुंबक चीनचं असू शकतं. एप्रिल २०२५मध्ये चीनने त्याच्या कच्च्या मालाच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा भल्याभल्यांची धांदल उडाली.

आणि बॉशचं नाव दिसलं म्हणजे भाग बोटीतून आला असं नाही. बॉशचं एबीएस चाकणला बनतं, इटलीच्या ब्रेंबोचे बायब्रे ब्रेकही तिथलेच.

रॉयल एनफील्डचंच बघा. नाव इंग्लंडमधल्या रेडिचचं. १९५५ साली मद्रासला नुसती जोडणी सुरू झाली, १९६२पर्यंत सगळे भाग इथे बनू लागले. आज मालक आयशर ही इथलीच कंपनी. पण ६५०च्या डिझाइनमध्ये त्यांच्या इंग्लंडमधल्या केंद्राचाही हात आहे. हिला काय म्हणायचं ते दादांना विचारा.

उलटा गिअर: फिटरकाकांशी सहमत, फक्त एक भर. मला विचाराल तर कारखाना कुठे यापेक्षा नकाशा (म्हणजे डिझाइन) कुणाचा हे जास्त महत्त्वाचं. हीरो होंडा १९८५पासून इथेच गाड्या बनवत होती, पण स्प्लेंडरचं इंजिन होंडाच्या घरचं. २०१०मध्ये वेगळं व्हायचं ठरल्यावर हीरोला संशोधनाचं बस्तान स्वतः बसवावं लागलं. जयपूरचं त्यांचं केंद्र उघडलं २०१६ला. दरम्यान, कामगार आणि व्हेंडर इथलेच होते, तेही विसरू नका. चाकणच्या कास्टिंगवाल्याला टाकीवर कुणाचं नाव आहे याने काय फरक पडतो?

धागाकर्ता: फिटरकाका, मनापासून आभार. नुसत्या दुकानाच्या भरवशावर न राहता उद्याच हँडल वळवून बघतो. दादाने सगळे प्रतिसाद वाचले आणि आता तो उलट्या गिअरच्या पार्टीत गेलाय: नकाशा आपला हवा. पण मग टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० कुठे धरायची? तिचं इंजिन बीएमडब्ल्यू आणि टीव्हीएसच्या एकत्र प्रकल्पातलं. त्यातलं कोणतं काम कुणी केलं, हे कुठे वाचायला मिळेल का?