स्लाऊमध्ये सत्ता बदलली, मग बदललं काय?

टेम्सकाठ:
काल एका महाशयांनी लंडनजवळच्या स्लाऊबद्दल लिहिलं की "स्लाऊत २०२३ ला लेबरला घालवून काय मिळालं, कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) वाढायचा तो वाढलाच, आपल्या लोकांनी मतदानाला जाऊन वेळ घालवू नये." तिथेच उत्तर देणार होतो पण डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा.

अहो, क्रम तरी बघा. जुलै २०२१ मध्ये कौन्सिलने सेक्शन ११४ काढली, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नाहीत अशी नोटीस, डिसेंबरात सरकारने कारभारावर आपले कमिशनर बसवले, कर्ज ७६० मिलियन पौंड. ९.९९ टक्के वाढीचं बिल आलं एप्रिल २०२३ ला आणि निवडणूक झाली ४ मे ला, म्हणजे ती वाढ सरळसरळ जुन्यांच्या खात्यात जाते. त्याच दिवशी देशभरात टोरींनी (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष) हजाराच्या वर जागा घालवल्या, लेबर सगळीकडे गुलाल उधळत होतं आणि स्लाऊत बरोबर उलटं. २००८ पासून ज्यांच्याकडे कौन्सिल होती त्यांना लोकांनी हिशोब विचारला. पार्लमेंटचा राग वेगळा, गल्लीचा वेगळा, एवढं कळणाऱ्या मतदाराला तुम्ही घरी बसायला सांगताय?

भजी_आणि_पाऊस:
मीच तो महाशय. सत्ता बदलली म्हणता, ४२ पैकी टोरी २१, लेबर १८, लिबडेम (लिबरल डेमोक्रॅट) ३. बहुमत कुठाय यात? लिबडेमच्या तिघांनी हात दिला म्हणून डेक्स्टर स्मिथ लीडर झाले. पुढच्या वर्षी, २०२४ ला, ह्याच नव्या मंडळींनी ८.५ टक्के वाढवला ते तुमच्या क्रमात कुठे दिसलं नाही, जागा संपली वाटतं. बहुतेक कौन्सिलांना ४.९९ च्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं, स्लाऊला सरकारने खास सूट दिली, म्हणजे मारायला वेगळी परवानगी! आणि पैशाच्या किल्ल्या कमिशनरांकडे. निवडून कोणीही या, सही त्यांची.

कोथरूडकर_इन_रेडिंग:
कमिशनर आहेत म्हणून मत फुकट?? पुण्यात मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं नुसता प्रशासक होता, निवडणूकच झाली नाही, खड्ड्याबद्दल बोलायला नगरसेवक सुद्धा नव्हता. इथे कमिशनर असूनही मतदान वेळेवर झालं, २१ वॉर्डात दोन दोन माणसं निवडून आली, ज्यांना नाव घेऊन ईमेल करता येतो. ते उत्तर देतात का हा वेगळा विषय.

बर्कशायरची_सून:
सगळे लेबर लेबर करताय म्हणून लिहिते. थरॉकची कौन्सिल टोरींची होती, डिसेंबर २०२२ ला तिनेही सेक्शन ११४ काढली. वोकिंगचं कर्ज टोरींच्या काळातलं, २०२२ ला लिबडेम आले आणि २०२३ ला ११४ काढायची वेळ त्यांच्यावर. क्रॉयडन, बर्मिंगहॅम लेबरचे. रोग एकच, २०१० नंतर लंडनहून येणारा पैसा आटला, सरकारी कर्ज स्वस्तात मिळत होतं, मग काढा कर्ज आणि घ्या इमारती, भाड्यावर म्हाताऱ्यांची देखभाल चालेल म्हणून. बिल्डरचा धंदा कौन्सिलने करायचा!

टेम्सकाठ:
आटलेला पैसा सगळ्यांचाच आटला होता ताई, सगळ्या कौन्सिली बुडाल्या नाहीत. स्लाऊत कर्जफेडीसाठी दरवर्षी बाजूला काढायची रक्कम सुद्धा नीट काढली नव्हती. हे पण दिल्लीने, आपलं, लंडनने सांगितलं होतं का?

बर्कशायरची_सून:
नाही सांगितलं. हा मुद्दा तुमचा, ठेवा फ्रेम करून.

जुना_साउथॉल:
माझं स्पष्ट मत, राग येईल काहींना. इथे लिहिणारी निम्मी मंडळी व्हिसावर आहेत, दोन-तीन वर्षात कंपनी उचलून दुसरीकडे टाकणार. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मत मिळतं हे ठीक, पण कायमचं राहायचं नाही त्यांनी दुसऱ्याच्या गावचा कारभारी का ठरवावा? आम्ही इथे आयुष्य काढलंय. आणि खरं सांगा, तुमच्यातले किती जण मतासाठी नाव नोंदवतात आणि किती यादीत नाव असलं की सुधारणाऱ्या क्रेडिट स्कोअरसाठी?

एच_वन_नाही_स्किल्ड_वर्कर:
काका, क्रेडिट स्कोअरसाठीच नोंदवलं, पुढे? कौन्सिल टॅक्स पूर्ण भरतो. व्हिसावर "सरकारी मदत नाही" असा शिक्का आहे, म्हणजे उद्या नोकरी गेली तर टॅक्समध्ये सवलत मागता येत नाही, कौन्सिलचं घर नाही. वर व्हिसासोबत माणशी वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज, त्याच्या वर पगारातून कापला जाणारा नॅशनल इन्शुरन्स. घेणं सगळं, देणं काही नाही, आणि मत पण नको? तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला पहिल्या दिवसापासून मत होतं ना, का तुम्ही आयुष्य काढून झाल्यावर टाकलंत?

जुना_साउथॉल:
तोंड सांभाळून बोल. आम्ही आलो तेव्हा दारात विष्ठा टाकायचे लोक. मत टाकायला जाताना चार जण मिळून जायचो, एकटं जायची हिंमत नव्हती. तुम्ही मीटिंगा संपवून एअरपॉड्स घालून जाता.

एच_वन_नाही_स्किल्ड_वर्कर:
ते सोसलंत त्याबद्दल आदरच आहे. पण मग तेव्हा तुम्हाला "बाहेरचे" म्हणणारे जे बोलत होते तेच तुम्ही आज मला बोलताय.

कोथरूडकर_इन_रेडिंग:
+१. आणि भारतात परदेशी माणसाला ग्रामपंचायतीचं सुद्धा मत नाही, इथे आपल्याला पार्लमेंटचं मिळतं. मिळतंय तर वापरा की.

भजी_आणि_पाऊस:
मतदानाचा अनुभव सांगतो. माझ्या साडूने (स्लाऊ नाही, गावाचं नाव घेत नाही) पहिल्या फोटो आयडीच्या निवडणुकीत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) नेलं, परत पाठवलं. पुढच्या आजींचा म्हातारपणाचा बसपास चालला! साडू तणतणत घरी आला तो परत गेलाच नाही. म्हणून म्हणतो, वेळ घालवू नका.

टेम्सकाठ:
साडूचा ब्रिटिश पासपोर्ट घरी असणारच की हो, नसता तर ओसीआय मिळालंच नसतं. आणायला पाठवायचं होतं. भारतीय पासपोर्ट पण चालतो, व्हिसावाल्यांनी तोच न्यावा. काहीच नसेल तर फुकट व्होटर सर्टिफिकेट काढून मिळतं, आधी अर्ज करावा लागतो एवढंच.

पासष्टीतला_भाडेकरू:
तुमची ११४ आणि आयडी चालू द्या पण मुळात टॅक्सचे बँड, म्हणजे घराच्या किमतीवरून पाडलेले गट, अजून १९९१ च्या किमतीवर आहेत याबद्दल कोणी बोलत नाही!! माझ्या आणि शेजारच्या घरात तसूभर फरक नाही, तो खालच्या बँडमध्ये. चौकशी केली तर सांगतात, पडताळणीत तुमचा खाली येण्याऐवजी शेजाऱ्याचा वर जाऊ शकतो. आता तो रोज पार्किंगमध्ये भेटतो, काय करू?

बर्कशायरची_सून:
काही करू नका काका, दिवाळीचा फराळ बंद होईल.

भजी_आणि_पाऊस:
बरं, टेम्सकाठ, तह करू. ९.९९ लेबरचे, ८.५ टोरींचे, कर्ज सगळ्यांचं, भरणार आपण. झालं समाधान? पण स्लाऊत "सत्तांतर" लिहिणं बंद करा, २१ म्हणजे बरोबर अर्धे, बहुमताला २२ लागतात.

टेम्सकाठ:
लेबर विरोधी बाकावर गेलं, लीडर बदलला. तुम्हाला २२ वा माणूस हवा असेल तर साडूला उभं करा. आयडी नेमकं कुठलं न्यायचं ते मी सांगतो.