बेने इस्राएल कीर्तन मुलांना कसे शिकवावे?

सूरशिक्षक_ठाणे

नमस्कार. मी ठाण्यात मुलांना गायन आणि हार्मोनियम शिकवतो. वर्गात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषिक ज्यू समाजाची काही मुले येतात. त्यांच्या घरी मराठी बोलली जाते आणि सणावाराला १८७९ साली बांधलेल्या येथील ‘शाआर हाशामाईम’ सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, त्यांचे जाणेही होते. परंतु आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, आणि याच समाजाने पुढे तोराह या ज्यू धर्मग्रंथातील कथांवर मराठीत कीर्तने रचली, हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी ऐकलेले नाही. पालकांशी बोलताना असे ठरत आले आहे की या मुलांसाठी, आणि ज्यांना आवड आहे अशा इतर मुलांसाठीही, एक छोटा वर्ग घ्यावा आणि गाण्याच्या आधाराने त्यांना हा इतिहास व या कथा शिकवाव्यात.

मी स्वतः ज्यू नाही, त्यामुळे काही गोष्टी जाणत्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये असे वाटते. संपूर्ण आख्यान शिकवावे की निवडक पदे पुरेशी आहेत? कोणती गाणी रंगमंचावर म्हणणे उचित आणि कोणती केवळ घरातील किंवा प्रार्थनेतील मानावीत? शिवाय चित्रकला किंवा नाट्यवाचन यांची जोड देता येईल असे काही साहित्य मराठीत उपलब्ध आहे का? कृपया मार्गदर्शन करावे.

आख्यानरंग

आपण हा विषय मांडलात याचा मनापासून आनंद झाला. मी नारदीय परंपरेत कीर्तन करतो आणि बेने इस्राएल कीर्तनाचा अभ्यासक म्हणून नव्हे, तर त्या घाटाचा जाणकार म्हणून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: आख्यान संपूर्ण शिकवावे. हे कीर्तन जन्मालाच शिक्षणासाठी आले होते. १८८० च्या सुमारास मुंबईतील काही सुशिक्षित बेने इस्राएल मंडळींनी हिंदू कीर्तनाची बांधणी स्वीकारून तिच्यात अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांच्या कथा घातल्या, कारण हिब्रू भाषा समाजातल्या थोड्याच लोकांना कळत होती आणि आपल्या धर्मग्रंथातील कथा बायकामुलांसह सर्वांपर्यंत पोहोचविण्यास कीर्तनाइतके परिचित माध्यम दुसरे नव्हते. त्याआधीपासूनच धर्मसाहित्यही मराठीत येत होते. पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधील गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या रात्री वाचावयाचा हगादा मराठी अनुवादासह १८४६ सालीच मुंबईत छापला गेला होता. म्हणजे कीर्तन ही मनोरंजनासाठी केलेली उसनवारी नव्हती. ज्या भाषेत समाज विचार करीत होता त्याच भाषेत त्याने आपला धर्म समजून घेण्याचा तो खटाटोप होता. त्यातून दोन गोड पदे उचलून मुलांकडून म्हणवून घेतली, तर चाल राहील आणि शिक्षण निसटेल.

सुरुवातीस योसेफाचे आख्यान घ्यावे असे सुचवितो. मुलांना लागणारे सर्व काही त्यात आहे: भावांचा मत्सर, रंगीत झगा, कोरड्या विहिरीत टाकणे, इजिप्तमधील बंदिवास, तिथला राजा फारो याची स्वप्ने आणि शेवटी भावांची ओळख पटणे. बांधणी कशी करावी याचा एक नमुना देतो. फारोच्या स्वप्नात सात पुष्ट गाई नदीतून वर येतात आणि मागून येणाऱ्या सात रोड गाई त्यांना खाऊन टाकतात. हा भाग साकी या वृत्तात बसवावा. साकीच्या ओळीत १६ आणि १२ अशा २८ मात्रा असतात. तिची चाल संथ, सांगण्याच्या जवळची असते, त्यामुळे मुलांना शब्द स्पष्ट म्हणता येतात आणि ऐकणाऱ्यास कथा कळते. पुष्ट गाईंची साकी एका गटाने म्हणावी, रोड गाईंची दुसऱ्याने. त्यानंतर स्वप्नाचा अर्थ योसेफाच्या तोंडून गद्यात, निरूपणाच्या ढंगाने यावा. सुकाळाची सात वर्षे आणि दुष्काळाची सात वर्षे यांतला फरक मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावा. पाठ केलेले भाषण नको. पुढे धान्यासाठी भाऊ इजिप्तकडे निघतात तो प्रवास दिंडी या वृत्तात घ्यावा, कारण दिंडीला चालण्याची लय आहे. मात्र “मी योसेफ आहे, माझा बाप अजून जिवंत आहे का?” हे वाक्य गाऊ नये. तिथे हार्मोनियम थांबवून ते नुसते बोलावे. चांगला कीर्तनकार नेमक्या अशाच जागी गाणे सोडतो.

जुन्या कीर्तनसाहित्यात पदावर ‘चाल’ म्हणून एखाद्या लोकप्रिय गाण्याचा मुखडा दिलेला असतो. ती मूळ गाणी आज मुलांच्या कानावर नाहीत. चाल सापडली नाही तर नवी बांधण्यास हरकत नाही, फक्त ती नवी आहे हे मुलांना सांगावे.

अश्दोदहून

सर, नमस्कार. माझे बालपण रायगड जिल्ह्यात गेले आणि आता आम्ही इस्रायलमध्ये राहतो. आपण आधी विचारलेत, हे फार बरे केलेत.

काही मर्यादा सांगते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत वर्ग किंवा कार्यक्रम ठेवू नये. शब्बाथला वाद्य वाजवीत नाहीत. पुष्कळांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की पेसाह आणि त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा शावुओत हा सण यांच्यामधले बरेचसे दिवस, आणि तसेच जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याच्या तिशा बे-आवच्या उपवासाच्या, म्हणजे आपल्या बिरड्याच्या रोजाच्या, आधीचे तीन आठवडे, अनेक घरांत वाद्यसंगीत वर्ज्य मानतात. तिकडची उन्हाळ्याची सुट्टी नेमकी पहिल्या काळात येते. त्यामुळे उन्हाळी शिबिर ठरविण्यापूर्वी पालकांना विचारा. डिसेंबरातला हनुक्का हा दिव्यांचा सण आपल्या कामाला अधिक सोयीचा आहे.

दुसरे, कागदांविषयी. हिब्रू मजकुराच्या छायाप्रती काढून मुलांना वाटाल तेव्हा त्यांवर देवाचे नाव असेल तर ते कागद रद्दीत किंवा कचऱ्यात जाऊ देऊ नका. ते सिनॅगॉगमध्ये नेऊन द्यावेत. तेथे ते वेगळे ठेवतात आणि पुढे पुरतात. सरावाच्या वेळी देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ (म्हणजे ‘ते नाव’) म्हणण्याची रीत आहे, तीही मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावी. हे नुसते नियम म्हणून सांगू नये. शब्दाचा एवढा मान का राखतात, हे सांगितले की मुले तो आपणहून पाळतात.

मलिद्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया या संदेष्ट्याचे, नाव घेतो, ते आमच्याकडे नवस फेडताना, लग्नाआधी, घरात काही शुभ घडले म्हणून. त्या वेळचे गीत मंचावर खोटे ताट मांडून म्हणू नये. मुलांना खरोखर ऐकवायचे असेल तर एखाद्या कुटुंबाला विनंती करून त्यांच्या घरच्या मलिद्याला न्यावे. मुलांनी खोबरे खोवावे, पोहे कालवावेत आणि शेवटी सर्वांबरोबर बसून गावे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा मानला जाणारा खडक आहे. तेथे सहल नेता आली तर गीताचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

आणखी एक विनंती. कीर्तन करणारे पुरुष होते, पण पुढे ही पदे मोठ्या प्रमाणात बायकांनी सांभाळली, भजनी मंडळांत आणि घरच्या समारंभांत म्हणून. त्यामुळे आधी आज्यांकडे जा. वह्या मागू नका, त्यांच्याजवळ बसून गाऊन घ्या. वहीत शब्द असतात, चाल त्यांच्याच गळ्यात आहे.

मूळ_अलिबाग

उपक्रमाबद्दल आदर राखून एक भिन्न मत नोंदवितो. आमच्या समाजाला स्वतःचे शिक्षण उभारण्याची परंपरा आहे. १८७५ साली मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा काढली, ती पुढे सर एली कदूरी शाळा झाली, आणि रेबेका रूबेन यांच्यासारख्या शिक्षिकेने ती दीर्घकाळ चालविली. त्या परंपरेत हिब्रू वाचनाला केंद्रस्थान होते. आज मुलाला अक्षरे लागत नाहीत आणि तो साकी-दिंडी सुंदर म्हणतो, एवढ्याने ज्यू शिक्षण झाले असे मला म्हणता येणार नाही. गाणे प्रत्येक आख्यानात किमान एक मूळ हिब्रू वचन वाचायला आणि समजायला लावणारे असेल, तरच माझा त्याला पूर्ण पाठिंबा राहील.

आख्यानरंग

आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि कीर्तनाच्या रचनेत त्याला आयती जागाही आहे. आम्ही पूर्वरंगात एखादे संतवचन घेऊन त्यावर निरूपण करतो. त्या जागी संबंधित पाराशातील, म्हणजे तोराहच्या त्या आठवड्याच्या वाचनातील, एक हिब्रू वचन घ्यावे. मुलांनी ते पाटीवर लिहावे, अक्षरे लावून वाचावे, मग मराठीत अर्थ सांगावा. त्यानंतर उत्तररंगात आख्यान. सिनॅगॉगमधील जाणत्या व्यक्तीने पूर्वरंग शिकवावा आणि संगीतशिक्षकांनी उत्तररंग, अशी वाटणी मला सर्वांत योग्य वाटते.

ग्रंथदालन

साहित्याविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो. चित्रकलेसाठी १८७४ साली पुण्यात शिळाछापावर छापलेला हिब्रू-मराठी हगादा अतुलनीय आहे. विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात तो छापला गेला. अनुवाद मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांचा. त्यात पेसाहची बिनखमिराची भाकर भाजणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या दिसतात. हे चित्र मुलांसमोर ठेवावे आणि आपल्या घरातील पेसाहच्या तयारीचे तसेच चित्र काढण्यास सांगावे. आपला इतिहास कुठल्या भूमीवर घडला हे त्यांना त्यातून आपोआप दिसेल. आजच्या काळातील जोड हवी असल्यास मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या चित्रकार सिओना बेंजामिन यांची बेने इस्राएल व्यक्तिचित्रे दाखवावीत.

ध्वनिमुद्रणांसाठी जेरुसलेम येथील इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रह पाहावा. कोचीच्या ज्यू स्त्रियांची मल्याळम गाणी त्यांच्या हस्तलिखित वह्यांवरून आणि प्रत्यक्ष गायनावरून संकलित झाली आणि २००४ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या ज्यू संगीत संशोधन केंद्राने त्यांची सीडी प्रकाशित केली. मराठी गाण्यांचे असे काम गायिका हयात असतानाच व्हायला हवे. म्हणून आपण आज्यांकडून जे शिकाल त्याचे, त्यांची संमती घेऊन, ध्वनिमुद्रण अवश्य करा. गाणाऱ्या बाईंचे माहेरगाव आणि ते गाणे त्या कोणाकडून शिकल्या, या दोन गोष्टी ध्वनिमुद्रणातच बोलून घ्या. कागदावरची नोंद हरवते.

सूरशिक्षक_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. योसेफाचे आख्यान निश्चित करतो. उन्हाळ्याचा विचार सोडून दिवाळीनंतर सराव सुरू करावा आणि हनुक्काच्या आठवड्यात, शब्बाथ टाळून, सादरीकरण ठेवावे असे पालकांना सुचवीन. पूर्वरंगासाठी सिनॅगॉगच्या विश्वस्तांकडे पत्र देत आहे. एकच शंका उरते: सादरीकरण सिनॅगॉगच्या आवारात करावे की शाळेच्या सभागृहात?

अश्दोदहून

सर, पहिले सादरीकरण आवारातच करा, म्हणजे वयस्कर मंडळींना येणे सोपे जाईल. बाहेरच्या पाहुण्यांची नावे आधी कळवा आणि त्यांना ओळखपत्र आणायला सांगा. त्यानंतर शाळेत करा. तिथे इतर मुलांना हे आख्यान पहिल्यांदा ऐकायला मिळेल. साकीची चाल बसली की इथे कळवा. माझ्या मोठ्या बहिणीला योसेफाच्या आख्यानातली काही पदे येतात, ती मी तिच्याकडून गाऊन घेऊन पाठविते.